स्वातंत्र्य, समता, बंधुता : फ्रेंच विचारांचा एक भारतीय अभ्यासक

इंदूर शहरातील सियागंज ही घाऊक व्यापाराची जुनी पेठ. रेल्वे स्थानकापासून ती हाकेच्या अंतरावर आहे. किराणा, मसाले आणि सुकामेवा यांची पोती येथे दिवसभर चढत-उतरत असतात. हमालाच्या पाठीवरून पोते काट्यावर येते, काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगितला जातो, आणि दुकानातील मुनीम त्याची नोंद करून घेतो. विकणारा कोण, विकत घेणारा कोण, पोते वाहणारा कोणत्या वस्तीतला, याची त्या आकड्याला दखल नसते. शंभर किलो धने हे सर्वांना शंभर किलोच असतात. हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या मुळाशी एका दूरच्या देशातील राज्यक्रांती आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फ्रान्समध्ये प्रांतोप्रांतीची, कित्येकदा गावोगावची, वजने-मापे निराळी होती. जमीनदार आपल्या कुळाकडून धान्य घेई ते स्वतःच्या मापाने, आणि ते माप केव्हा मोठे होई याचा पत्ता कुळाला नसे. १७८९ साली फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून राजाकडे जी गाऱ्हाणी लिहून गेली, त्यांत सर्वत्र एकच वजन व एकच माप असावे, ही मागणी पुनःपुन्हा आढळते. क्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर आणि ग्रॅम यांना मान्यता मिळाली. भारतात वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला, आणि थोड्याच वर्षांत मण व शेर बाजारातून मागे पडले. चाळीस शेरांचा, म्हणजे सुमारे सव्वासदतीस किलोंचा मण, आता केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात उरला आहे.

त्याच राज्यक्रांतीने जगाला आणखी एक देणगी दिली. ती म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे तीन शब्द. वजने बदलण्यास एक कायदा आणि काही वर्षे पुरली. त्या तीन शब्दांचे काय झाले? ते शब्द माणसांच्या व्यवहारात किलोप्रमाणे सहज का रुळले नाहीत? या प्रश्नाचा पाठपुरावा ज्या भारतीय विद्वानाने आयुष्यभर केला, त्यांचा जन्म सियागंजापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या महूच्या छावणीत झाला. ते विद्वान म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

महूला २००३ सालापासून डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळाले आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला, त्या वेळी त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे तेथील लष्करी शाळेत शिकवीत असत. घराणे मूळचे कोकणातील आंबडवे गावचे. मुलगा लहान असतानाच या कुटुंबाने महू सोडले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या बळावर आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. परंतु त्याच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र व राज्यशास्त्र यांचेही अभ्यासक्रम त्यांनी घेतले, आणि प्राथमिक फ्रेंच भाषेचाही एक अभ्यासक्रम त्यांत होता. फ्रेंच विचारांशी त्यांचा परिचय येथे सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

या परिचयाचे पहिले फळ ९ मे १९१६ रोजी दिसून आले. प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. जातीची घडण, तिची उत्पत्ती आणि तिचा विकास हा त्याचा विषय होता. त्यात त्यांनी जातीच्या चार व्याख्या तपासावयास घेतल्या. एमिल सेनार या फ्रेंच पंडिताची व्याख्या त्यांपैकी पहिली. नेसफील्ड आणि रिझली हे दोन इंग्रज अधिकारी, आणि चौथे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, हे इतर तीन व्याख्याकार. पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले हेच ते केतकर होत. सेनारने विटाळाच्या कल्पनेला जातीचे लक्षण मानले होते. आंबेडकरांनी ते मान्य केले नाही. विटाळ हा जातीचा गाभा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. जातीचा गाभा एकच, तो म्हणजे जातीबाहेर विवाह करण्यास असलेली मनाई. त्यांच्या मते जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग होय.

येथे एक अडचण उभी राहते. एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतले, हे समजण्यासारखे आहे; पण मग सारा समाज अशा असंख्य कोठड्यांत का विभागला गेला? कोणी एका स्मृतिकाराने हे सर्व लादले, हा तर्क आंबेडकरांना पटत नव्हता. एवढा मोठा समाज एका माणसाच्या आज्ञेने असा विभागला जाणे शक्य नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. या ठिकाणी त्यांच्या मदतीला आला तो दुसरा फ्रेंच विचारवंत, गाब्रिएल तार्द.

तार्द हा दक्षिण फ्रान्समधील सार्ला गावचा न्यायाधीश. गुन्ह्यांचा तपास करता करता तो समाजशास्त्राकडे वळला, आणि १८९० साली त्याचा 'अनुकरणाचे नियम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०३ साली निघाले. समाज हा मुख्यतः अनुकरणाने घडतो, असा तार्दचा सिद्धांत आहे. अनुकरणाचा ओघ सामान्यतः वरून खाली वाहतो. ज्याला प्रतिष्ठा असते त्याची चाल इतर लोक उचलतात. शिवाय अंतर वाढत जाईल तसतसे अनुकरण क्षीण होत जाते. हे अंतर कोसांत मोजावयाचे नसून सामाजिक दर्जात मोजावयाचे असते. लग्नसमारंभातील एखादी नवी पद्धत प्रथम श्रीमंतांच्या घरी दिसते, मग शेजारच्या मध्यमवर्गात येते, आणि दूरच्या वस्तीत पोहोचेपर्यंत तिचे थोडेसे रूपच शिल्लक राहते. हा प्रत्येकाच्या अनुभवातील दाखला तार्दचा नियम समजण्यास पुरेसा आहे.

हा नियम आंबेडकरांनी भारतीय समाजाला लावून पाहिला. सतीची चाल, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी त्यांनी कसोटीसाठी घेतल्या. ब्राह्मणांना ज्या जाती सर्वांत जवळच्या, त्यांनी तिन्ही रूढी उचललेल्या दिसतात. त्यापेक्षा दूरच्या जातींत वैधव्य आणि बालविवाह आढळतात. आणखी दूर गेल्यास केवळ बालविवाह उरतो, आणि सर्वांत दूरच्यांनी फक्त जातीवरील श्रद्धा तेवढी घेतलेली असते. काहींनी दार आतून लावून घेतले आणि इतरांना ते बंद आढळले, असा हा प्रकार होय. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काढलेल्या या निष्कर्षात पुढील साऱ्या कार्याचे बीज होते. जात ईश्वरनिर्मित नाही, ती माणसांच्या वागण्यातून घडली आहे, असे एकदा ठरले म्हणजे ती माणसांना मोडताही येते, हे ओघानेच आले.

अकरा वर्षांनी हा अभ्यासक ग्रंथालयातून तळ्याच्या काठी आला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी प्राशन केले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच सत्याग्रह परिषद भरली. अध्यक्षीय भाषणात डॉ. आंबेडकरांनी त्या सभेची तुलना ५ मे १७८९ रोजी व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच लोकप्रतिनिधींच्या सभेशी केली. कोकणातील एका लहान गावी, मांडवाखाली बसलेल्या गरीब शेतकऱ्यांना आणि मजुरांना ही उपमा ऐकविण्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती. फ्रेंच सभेपुढे समाजाची नव्याने बांधणी करण्याचे काम होते, आणि महाडच्या सभेपुढेही तेच होते. प्रश्न केवळ पाण्याचा नव्हता. सर्व माणसे जन्मतः समान आहेत हे तत्त्व प्रस्थापित करण्याचा तो प्रश्न होता. आणि २६ ऑगस्ट १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याचे पहिले कलम नेमके याच तत्त्वाचे आहे.

असे असले तरी डॉ. आंबेडकर हे फ्रेंच राज्यक्रांतीचे भाबडे पूजक नव्हते. तिच्या घोषणेमुळे जगाने तिचे स्वागत केले, परंतु समता निर्माण करण्यात ती अपयशी ठरली, असा निर्णय त्यांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात दिला आहे. इतिहास या निर्णयाला दुजोरा देतो. १७९१ च्या फ्रेंच राज्यघटनेने ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांनाच मताधिकार दिला. त्याच वर्षीच्या एका कायद्याने कामगारांना संघटना करण्यास मनाई केली. वसाहतींतील गुलामगिरी १७९४ साली रद्द झाली, १८०२ साली पुन्हा सुरू झाली आणि १८४८ साली कायमची संपली. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळण्यास तर १९४४ साल उजाडावे लागले. बंधुता हा तिसरा शब्दही आरंभापासून इतर दोघांच्या बरोबरीने नव्हता. तीन शब्दांची ही त्रयी अधिकृतपणे राज्यघटनेत आली ती १८४८ साली.

मग या त्रयीत उणीव कोठे राहते? या प्रश्नाचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात शोधले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण प्रत्यक्षात झालेच नाही. त्यांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्यात तिन्ही तत्त्वांची एकेक करून छाननी आहे. हिंडण्या-फिरण्याचे आणि मालमत्तेचे स्वातंत्र्य बहुतेकांना मान्य असते. पण आपला व्यवसाय निवडण्याचे स्वातंत्र्य नसेल तर ती गुलामगिरीच होय. माणसे गुणांनी व शक्तीने सारखी नसतात हा आक्षेप त्यांनी नाकारला नाही. मात्र राज्यकर्त्यापाशी एकेका माणसाला तोलून त्याची किंमत ठरविण्यास ना वेळ असतो ना साधन. म्हणून सर्वांना समान लेखणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो, असे त्यांनी दाखविले. आणि बंधुता म्हणजे काय? समाजाच्या एका भागात जे घडते ते दुसऱ्या भागापर्यंत पोहोचावे, माणसांचे एकमेकांशी अनेक वाटांनी संबंध यावेत, आणि त्यांत परस्परांविषयी आदर असावा. लोकशाही हे अशा बंधुतेचेच दुसरे नाव होय. या मांडणीत त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांच्या विचारांचा ठसा स्पष्ट दिसतो.

याच प्रश्नाकडे फ्रान्समध्ये एमिल डर्कहाइम याने वेगळ्या बाजूने पाहिले होते. श्रमविभागणीवरील त्याचा ग्रंथ १८९३ सालचा. जो तो आपापले काम करतो, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याची गरज लागते, आणि त्या गरजेतून समाज एकजीव होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. सियागंजातील एका पोत्याचा प्रवास पाहिला तरी ते पटते. शेतकरी, मालमोटारीचा चालक, दलाल, हमाल, दुकानदार आणि गिऱ्हाईक यांपैकी एकही दुवा निखळला तर पोते जागचे हलत नाही. परंतु श्रमविभागणी लादलेली असेल तर तिच्यातून एकजूट निर्माण होत नाही, अशी पुस्तीही डर्कहाइमने जोडली आहे. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, असे तिचे समर्थन करणाऱ्यांना डॉ. आंबेडकरांनी जे उत्तर दिले, ते या पुस्तीच्या जवळचे आहे. जात कामाची वाटणी करून थांबत नाही; ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना एकाखाली एक बसविते.

पुढे १९४० साली पाकिस्तानच्या मागणीचा विचार करताना डॉ. आंबेडकर तिसऱ्या एका फ्रेंच लेखकाकडे वळले. एर्नेस्त रेनान याने ११ मार्च १८८२ रोजी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात राष्ट्र म्हणजे काय या विषयावर व्याख्यान दिले होते. वंश, भाषा, धर्म किंवा भूगोल यांपैकी कशानेही राष्ट्र बनत नाही. समान स्मृती आणि एकत्र नांदण्याची इच्छा यांनी ते बनते, असे रेनानचे मत. जुनी भांडणे विसरण्याची तयारीही त्याने आवश्यक मानली होती. हिंदू-मुसलमानांची भाषा एक, राहणी एक, तेव्हा राष्ट्रही एक, असे सोपे गणित मांडणाऱ्यांपुढे डॉ. आंबेडकरांनी रेनानची ही कसोटी ठेवली. सारखेपणा निराळा आणि आपलेपणा निराळा, हे त्यातील मर्म. बंधुतेचा प्रश्न येथे राष्ट्राच्या प्रश्नाशी येऊन मिळाला.

म्हणूनच घटनेचा मसुदा तयार करताना डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यांनी एक लहानशी दिसणारी, पण फार महत्त्वाची भर घातली. जानेवारी १९४७ मध्ये संमत झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य व समानता यांचा उल्लेख होता. बंधुता हा शब्द नव्हता. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर करताना समितीने तो उद्देशिकेत घातला, आणि बंधुभावाची गरज आजच्याइतकी पूर्वी कधीच नव्हती, असे त्याचे कारण नमूद केले. फाळणीच्या रक्तपाताला तेव्हा सहा-सात महिनेच लोटले होते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात या विचाराला पूर्ण रूप आले. ही तीन तत्त्वे वेगवेगळी नसून ती एक त्रयी आहे. एकाला दुसऱ्यापासून तोडले की लोकशाहीचा हेतूच नाहीसा होतो, असे डॉ. आंबेडकरांनी बजावले. समतेशिवाय स्वातंत्र्य असेल तर थोड्या लोकांची बहुतांवर सत्ता चालते. स्वातंत्र्याशिवाय समता असेल तर व्यक्तीची कर्तबगारी मारली जाते. आणि बंधुता नसेल तर स्वातंत्र्य व समता यांचे रक्षण करण्यासाठी जागोजागी पोलीस शिपाई उभा करावा लागेल. राजकारणात एका माणसाला एक मत मिळाले, पण सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता कायम राहिली, हा अंतर्विरोध फार काळ टिकणार नाही, असा इशाराही त्यांनी त्याच भाषणात दिला.

यानंतर पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५४ रोजी, आकाशवाणीवर डॉ. आंबेडकरांचे एक छोटेखानी भाषण प्रसारित झाले. आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान त्यांनी त्यात सांगितले. ते या तीन शब्दांत सामावलेले आहे. मात्र ते फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नसून बुद्धाच्या शिकवणीतून आलेले आहे, असे त्यांनी निक्षून सांगितले. हे ऐकून कोणाला वाटेल की, चार दशकांचे फ्रेंच अध्ययन मग व्यर्थच गेले. वस्तुस्थिती तशी नाही. सेनारची व्याख्या त्यांनी तपासली आणि बाजूला ठेवली. तार्दचा नियम तपासला आणि वापरला. रेनानची कसोटी प्रतिपक्षापुढे ठेवली. राज्यक्रांतीची घोषणा स्वीकारली, पण तिचे अपयशही मोजले. या सर्व पडताळणीतून त्यांना जे आढळले ते असे : कायदा स्वातंत्र्याचे आणि समतेचे उल्लंघन झाल्यास शिक्षा करू शकतो, पण बंधुता तो उत्पन्न करू शकत नाही. तिच्यासाठी मनाचा पालट व्हावा लागतो, आणि तो पालट घडविण्याची शक्ती त्यांना बुद्धाच्या मैत्रीत दिसली. म्हणून फ्रेंच त्रयीत शेवटी येणाऱ्या शब्दाला त्यांनी सर्वांत वरचे स्थान दिले.

फ्रान्समध्येही या शब्दाला कायद्याचे वजन मिळण्यास फार काळ लागला. निर्वासितांना माणुसकीच्या भावनेने मदत करणाऱ्यांवरील खटल्यांच्या संदर्भात तेथील घटना परिषदेने ६ जुलै २०१८ रोजी निर्णय दिला, आणि बंधुता हे घटनात्मक मूल्य असलेले तत्त्व आहे, हे प्रथमच मान्य केले. भारताच्या उद्देशिकेत तो शब्द त्याआधी जवळजवळ सत्तर वर्षे होता. परंतु शब्द लिहिला जाणे आणि तो जगण्यात उतरणे यांत अंतर असते. डॉ. आंबेडकरांनी जातीचा गाभा म्हणून जी खूण १९१६ साली दाखविली, तिच्यावरूनच हे अंतर मोजता येते. २०११-१२ च्या देशव्यापी पाहणीत आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शंभरात सुमारे पाच एवढेच आढळले होते.

सियागंजाच्या पेठेत दिवसभर माणसे एकमेकांच्या शेजारी उभी राहून व्यवहार करतात, एकमेकांच्या शब्दावर माल पाठवितात. तेथे काटा सर्वांना सारखा असतो. संध्याकाळी दुकाने बंद झाल्यावर ती माणसे आपापल्या वस्तीकडे वळतात. घर भाड्याने देताना, पंगत मांडताना आणि सोयरीक जुळविताना तोच काटा सारखा राहतो काय, हा खरा प्रश्न आहे. पेठेतील व्यवहाराला शिपाई, कायदा आणि प्रमाणित वजन यांचा आधार आहे. उंबरठ्याच्या आतल्या व्यवहाराला तसा आधार देता येत नाही. तेथे माणसाचे मन हेच काय ते वजन. महूच्या छावणीत जन्मलेल्या त्या अभ्यासकाने फ्रेंच ग्रंथांची पाने उलटताना आणि चवदार तळ्याची पायरी उतरताना एकच गोष्ट ओळखली होती. पहिले दोन शब्द राज्याने द्यावयाचे असतात, तिसरा शब्द मात्र प्रत्येकाने आपल्या घरातून द्यावयाचा असतो.